भाडेपट्ट्याने रचलेले डब्लिन

डब्लिनला आल्यावर पहिले काही महिने मी रोज मेरियन स्क्वेअरच्या कडेने कार्यालयात जात असे आणि हा सगळा चौक कोणा एकाच वास्तुविशारदाने एका बैठकीत आखला असावा, असे मी धरून चाललो होतो. तीन बाजूंना एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची उंच घरे, प्रत्येकासमोर काळे लोखंडी कठडे, दारावर पंख्यासारखी पसरलेली अर्धवर्तुळाकार काच आणि मध्ये बाग. एका संध्याकाळी पावसामुळे बागेच्या बाजूला एका झाडाखाली थांबलो असताना समोरच्या घरांच्या माथ्याची रेघ सरळ नाही, हे लक्षात आले. एक घर शेजारच्याहून हातभर उंच होते, एकाला तीन खिडक्यांची रुंदी तर दुसऱ्याला दोनच, आणि दर दोन-तीन घरांनंतर विटेचा रंगही बदलत होता. एवढा विस्कळीतपणा असूनही रस्ता एकसारखा का भासतो, या प्रश्नाचा मी मग बराच पाठपुरावा केला. त्याचे उत्तर मला चित्रकलेत किंवा वास्तुकलेत सापडले नाही, ते भाडेपट्ट्याच्या कागदात सापडले.

या घरांना जॉर्जियन म्हणतात ते १७१४ ते १८३० या काळात ओळीने ब्रिटनच्या गादीवर आलेल्या चार जॉर्ज राजांवरून. जॉर्जिया देशाशी त्यांचा काही संबंध नाही. मेरियन स्क्वेअरची जमीन फिट्झविल्यम या सरदार घराण्याची होती. १७६२ मध्ये त्यांनी जॉन एन्सर याच्याकडून चौकाचा आराखडा करून घेतला, पण स्वतः घरे मात्र बांधली नाहीत. त्यांनी जमिनीचे लहान लहान तुकडे पाडले आणि ते एक-एक, दोन-दोन करून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने बांधणाऱ्यांना दिले. हे बांधणारे बहुधा गवंडी, सुतार किंवा गिलावा करणारे कारागीर असत. ते उसनवारीने पैसा उभा करून दोन-तीन घरे बांधत, पट्टा नफ्याने पुढे विकत आणि दुसऱ्या तुकड्याकडे वळत. घर किती मजल्यांचे असावे, ते रस्त्यापासून किती आत असावे, समोरची फरसबंदी कोणी करायची, हे पट्ट्यात लिहिलेले असे. त्यापलीकडे बांधणाऱ्याला मोकळीक होती, आणि माथ्याची वाकडी रेघ ही त्या मोकळिकीची खूण आहे.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात याच्या नेमके उलट घडले. तेथील रॉयल क्रेसेंट या १७६७ ते १७७४ दरम्यान बांधलेल्या चंद्रकोरीत ३० घरे आहेत, परंतु धाकट्या जॉन वुडने त्यांचा दर्शनी भाग एकाच राजवाड्यासारखा आखून दिला, आणि मागचे घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधले. बाथ अधिक देखणे आहे हे मान्य करूनही, मला डब्लिनची वाकडी रेघ जास्त प्रामाणिक वाटते.

बाहेर पट्ट्याचे बंधन असल्यामुळे कारागिराची हौस आत उतरली. डॉमिनिक स्ट्रीटवर रॉबर्ट वेस्ट या गिलावाकाराने १७५० च्या दशकात स्वतः एक घर बांधले. त्याच्या जिन्याच्या दालनात त्याने चुन्यातून काढलेले पक्षी भिंतीपासून इतके पुढे झेपावतात की, एखादा आता उडेल असे वाटते. गिऱ्हाइकाला घर विकायचे असेल तर त्याने दारातून आत येताच थबकले पाहिजे, हा त्यामागचा व्यापारी हिशोबही असणारच.

घराची मांडणी ठरलेली असे. तळघरात स्वयंपाकघर, रस्त्याच्या पातळीवर जेवणाची खोली, त्यावरच्या मजल्यावर पाहुण्यांची दालने, वर झोपण्याच्या खोल्या आणि अगदी वर मुले व नोकर. म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच असतात आणि वर जाताना त्या आखूड होत जातात. आमचे कार्यालय अशाच एका घराच्या शेवटच्या मजल्यावर आहे, त्यामुळे नोकरांच्या वाट्याला किती उजेड येत असे, याचा अनुभव मी रोज घेतो. फुटपाथवर मधूनमधून लोखंडाची गोल झाकणे दिसतात. ती गटाराची नव्हेत, कोळशाची आहेत, कारण फुटपाथच्या खाली प्रत्येक घराचे कोळशाचे कोठार असे आणि कोळसेवाला घरात पाऊल न टाकता वरूनच पोते रिकामे करीत असे.

चौकालगतच्या अपर मेरियन स्ट्रीटवर मॉर्निंग्टन हाउस आहे, जे आता एका महागड्या हॉटेलचा भाग आहे. १७६९ मध्ये आर्थर वेलस्लीचा जन्म याच घरात झाला, असे मानले जाते. हाच वेलस्ली पुढे इंग्रजांचा सेनापती म्हणून २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. असईचे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या माणसाला त्या दारासमोर उभे राहताना काहीसे अवघडल्यासारखे होते.

शहरातून वाहणाऱ्या लिफी नदीच्या उत्तरेला हा खेळ आधीच सुरू झाला होता. ल्यूक गार्डिनर या बँकवाल्याने १७२० च्या दशकात हेन्रिएटा स्ट्रीट वसवला, तेव्हा प्रतिष्ठित वस्ती ती होती. १७४५ मध्ये किल्डेअरच्या अर्लने दक्षिणेला लेन्स्टर हाउस हा आपला वाडा बांधायला घेतला आणि श्रीमंतांचा ओघ हळूहळू तिकडे वळला. सरकारचा हात यात अगदीच नव्हता असे नाही, कारण १७५७ च्या कायद्याने नेमलेल्या रस्ता-रुंदीकरण आयुक्तांनी जुनी दाटी पाडून रुंद रस्ते काढले. पण घरे उभी राहिली ती पट्ट्यानेच.

आणि ढासळली तीही पट्ट्यानेच. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली, सरदार व खासदार लंडनला गेले आणि एवढ्या मोठ्या घरांना राहणारे उरले नाहीत. दक्षिणेकडची घरे डॉक्टर-वकिलांनी घेतली, तर उत्तरेकडे पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. मूळ मालक, पट्टेदार, पोटपट्टेदार अशी उतरंड झाली आणि दुरुस्ती कोणाचीच जबाबदारी राहिली नाही. हेन्रिएटा स्ट्रीटवरील १४ क्रमांकाच्या घराचा भव्य जिना १८७० च्या दशकात काढून टाकून तेथे बिऱ्हाडे बसवली गेली, आणि १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १०० माणसे राहत होती. आता तेथे संग्रहालय आहे. भिंतीवरचा निळा व लाल रंग, मूळ नक्षीचा तुकडा आणि त्यावर ठोकलेले खिळे, हे सारे एकत्र पाहायला मिळते.

सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवर अशी घरे कोसळून ७ जण मेले. जून १९६३ मध्ये पुन्हा दोन ठिकाणी घरे पडली आणि माणसे दगावली. त्यानंतर धोकादायक म्हणून पाडापाडीने वेग घेतला. त्याच दशकात वीज मंडळाने लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरील सलग १६ घरे पाडून तेथे आपले कार्यालय बांधले. ती घरे धोकादायक ठरलेल्या बिऱ्हाडांसारखी नव्हती, म्हणून लोकांचा राग अधिक होता. अलीकडे ती इमारतही पाडून विटांच्या दर्शनी भागाची नवी इमारत उभारली आहे. शेजारच्या घरांशी ती बरीच जुळते, मात्र तिच्या माथ्याची रेघ फार सरळ आहे.

मेरियन स्क्वेअरची बाग १९३० मध्ये कॅथलिक चर्चने कॅथेड्रलसाठी घेतली होती. ते झाले नाही, आणि १९७० च्या दशकापासून ती सर्वांना खुली आहे. फिट्झविल्यम स्क्वेअरच्या बागेला मात्र अजून कुलूप असते आणि किल्ली तिथल्या ठरावीक लोकांकडेच असते. जेवणाच्या सुट्टीत मी कठड्याबाहेरून तिला एक फेरी मारून येतो.