नोंदणी क्रमांक नसलेली सही

सार्वजनिक रुग्णालयाच्या खरेदी विभागात मागणीपत्र, निविदा, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश आणि देयक या चाकोरीतच वर्ष सरते. तरीही, प्रयोगशाळेच्या जीवरसायन विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे रक्तातील घटक मोजणाऱ्या यंत्रासाठी, आलेले आर्थिक (दरांचे) लिफाफे ज्या दुपारी उघडले गेले, ती दुपार माझ्या नोकरीतली सर्वांत कसोटीची ठरली. विशेष म्हणजे त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकाच्याही हेतूबद्दल शंका घ्यावी असे काही नव्हते.

निविदेचा मसुदा मी त्या खुर्चीवर येण्यापूर्वीच प्रसिद्ध झालेला होता. तो तयार करणारे सहकारी आस्थापना शाखेतले, रजा आणि वेतननिश्चितीचे नियम तोंडपाठ असलेले, सचोटीचे गृहस्थ होते. खरेदीचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे एका आदेशाने आला आणि दुसऱ्या आदेशाने गेला. मधल्या काळात जुन्या यंत्राची निविदा समोर ठेवून, तारखा आणि विनिर्देश बदलून नवी निविदा काढण्यापलीकडे त्यांनी काय करावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. त्या निविदेत मूल्यमापनाचा निकष एकच होता: तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांपैकी यंत्राची किंमत ज्याची सर्वांत कमी, त्याला काम. यंत्रात चाचण्यांसाठी लागणाऱ्या रसायनांचे दर मागवले होते, पण ‘केवळ माहितीसाठी’.

तीन निविदाकार पात्र ठरले होते. लिफाफे उघडल्यावर पहिल्याचा दर दुसऱ्याच्या जेमतेम एक चतुर्थांश निघाला आणि बैठकीत समाधानाची लहर पसरली. अधीक्षक म्हणाले, “एवढा फरक असल्यावर प्रश्नच मिटला. न्यूनतम दर स्वीकारू, टिपणी आजच ठेवा.” मी ‘केवळ माहितीसाठी’ आलेला तक्ता पुढे ओढला, कारण इतके स्वस्त यंत्र बहुधा कुठेतरी पैसे वसूल करणारच असते.

ते यंत्र बंदिस्त पद्धतीचे होते, म्हणजे त्यात त्याच उत्पादकाची रसायने चालतात, दुसऱ्या कोणाची नाहीत. असे यंत्र जवळजवळ फुकट देऊन पुढची अनेक वर्षे रसायनांवर कमाई करणे ही या व्यवसायातली उघड आणि कायदेशीर रीत आहे. त्यामुळे निविदाकाराने काही लबाडी केली असे मी म्हणणार नाही. खरा खर्च किती, हे विचारायचे काम खरेदीदाराचे असते. किटच्या खोक्यावर जितक्या चाचण्या छापलेल्या असतात, तितके अहवाल रुग्णांच्या हाती कधीच पडत नाहीत. रोज सकाळी दोन पातळ्यांची नियंत्रणे, म्हणजे मूल्य आधीच माहीत असलेले नमुने, चालवावी लागतात, रसायनाची नवी उत्पादन-तुकडी आली की अंशशोधन करावे लागते, म्हणजे यंत्राचे मोजमाप पुन्हा जुळवून घ्यावे लागते, संशयास्पद निकालांची चाचणी पुन्हा होते आणि बाटलीच्या तळाशी यंत्राच्या सुईला न पोहोचणारा द्रव तसाच उरतो. शिवाय लायपेजसारखी (स्वादुपिंडातील एका विकराची) चाचणी दिवसाला दोन-चारदाच होते, पण यंत्रात उघडून बसवलेली बाटली ठरावीक मुदतीत निकामी होते, मग तिच्यातून दहा अहवाल निघोत की शंभर. म्हणून हिशेब छापील चाचणीमागे नव्हे, तर रुग्णाला प्रत्यक्ष दिलेल्या अहवालामागे करावा लागतो.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मॅडम आणि मी तो हिशेब तिथेच, मागील वर्षाच्या नोंदवहीवरून केला. यंत्राचे आयुष्य सात वर्षे धरले, तर सर्वांत कमी दराचे यंत्र तिघांत सर्वांत महाग ठरत होते आणि दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत स्वस्त.

इथे बैठकीचे दोन तट पडले. अधीक्षकांचे म्हणणे असे की निविदेत जे लिहिले तेच पाळावे, न्यूनतम दर स्वीकारला म्हणून कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. मॅडमचे म्हणणे असे की हिशेब डोळ्यांसमोर असताना तोट्याचा सौदा करणे हेच चुकीचे, तेव्हा दुसऱ्याला काम द्यावे. दोन्ही सूचना सरळमार्गी माणसांच्या होत्या आणि दोन्ही घातक होत्या. पहिलीतला धोका सर्वांना दिसत होता, दुसरीतला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. जाहीर न केलेल्या निकषावर निविदांचे मूल्यमापन करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने 2011 मध्ये तयार केलेल्या सार्वजनिक खरेदीच्या नमुना कायद्यातही निविदा दस्तऐवजात नमूद निकषच वापरण्याचे बंधन आहे. आज आपण जनतेचे पैसे वाचवण्यासाठी लिफाफे उघडल्यावर निकष बदलला, तर उद्या दुसरा कोणी मर्जीतल्या पुरवठादारासाठी तोच बदलेल आणि आपलाच दाखला देईल. उरत होता तिसरा मार्ग: कोणतीही निविदा स्वीकारण्यापूर्वी, कारणे नोंदवून प्रक्रिया रद्द करणे आणि संपूर्ण आयुष्यभराच्या खर्चाचा निकष आधी जाहीर करून ती नव्याने राबवणे. त्याची किंमतही खरी होती. प्रयोगशाळेचे जुने यंत्र कुरकुरत होते आणि आणखी काही महिने त्याच्यावरच काढावे लागणार होते.

“मग तुम्हीच तशी टिपणी लिहा आणि तुमच्या सहीने पाठवा,” अधीक्षक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण कोणाच्या सहीखाली काय जाते याचा अंदाज त्यांना पुरेपूर होता. त्याच वेळी माझ्या मनात आले की या टेबलावर मी एकटाच वेगळा आहे. मॅडम अहवालावर सही करतात तेव्हा त्याखाली वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. “हे माझ्या नोंदणीवर बेतेल” एवढे म्हटले की वरिष्ठही आग्रह सोडतात. लेखा सदस्य सनदी लेखापाल होते, त्यांच्या मागे त्यांची संस्था आणि तिची आचारसंहिता उभी होती. माझ्याकडे नेमणुकीचा आदेश होता, आणि तो बदलायला दुसरा आदेश पुरेसा होता. नकार देणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. मी दिला तर तो माझा हट्ट ठरत होता.

सार्वजनिक खरेदीला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा हवा, ही मागणी मला मानमरातबाची वाटत नाही, ती याच जागी जन्मते. जगात याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या संघराज्य शासनात करार करण्याचा अधिकार हुद्द्याने आपोआप मिळत नाही. संबंधित अधिकाऱ्याला मर्यादा नमूद केलेले लेखी नियुक्तिपत्र दिले जाते, आणि ते नसलेला अधिकारी कितीही वरिष्ठ असला तरी त्याच्या शब्दाने शासन बांधले जात नाही. संरक्षण खात्यातील खरेदी करणाऱ्यांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभवाच्या अटी तिथे 1990 च्या कायद्याने घातल्या. केनियाने 2007 च्या कायद्याने या कामासाठी नोंदणी आणि परवाना सक्तीचा केला. युरोपीय आयोगाने 2017 मध्ये सदस्य देशांना खरेदीचे व्यावसायिकीकरण करण्याची शिफारस केली आणि 2020 मध्ये त्यासाठी क्षमतांची चौकट प्रसिद्ध केली. ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांत सार्वजनिक खरेदी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आठव्या हिश्शाच्या आसपास जाते. एवढी रक्कम खर्च करणारे काम जगात अनेक ठिकाणी आजही अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले जाते, याचे मला नवल वाटते.

अर्थात परवाना आला की सारे सुरळीत होईल, असेही मी मानत नाही. परीक्षा पाठ करून उत्तीर्ण होता येते, आणि नोंदणी गमावण्याच्या भीतीने प्रत्येक जण न्यूनतम दराच्या आडोशालाच जाऊन बसला, तर आजच्यापेक्षा वाईट अवस्था होईल. म्हणून व्यावसायिक निर्णयाची छाननी हेतू आणि कारणे पाहून करणारी शिस्त समिती हवी आणि निर्णय नियमात असताना त्यापायी बदली झाली, तर दाद मागण्याची सोय हवी. यातली दुसरी गोष्ट मला परीक्षेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

टिपणी मी लिहिली. तिच्यात तीनच बाबी मांडल्या: निविदेतील निकष खर्चाचे खरे चित्र देत नाही, जाहीर न केलेला निकष आता लावता येत नाही, म्हणून प्रक्रिया रद्द करावी. सोबत हिशेबाचा तक्ता जोडला आणि त्यावर मॅडमनी, कोणी न सांगता, आपल्या नोंदणी क्रमांकासह सही केली. लेखा सदस्यांनीही केली. अधीक्षकांनी फाईल दोन दिवस ठेवून घेतली आणि ‘मान्य’ असा शेरा मारला.

पुढे अपेक्षेप्रमाणे न्यूनतम निविदाकाराची तक्रार आली, चौकशीचे पत्र आले आणि लेखापरीक्षणात ‘न्यूनतम दर का नाकारला’ असा आक्षेपाचा परिच्छेद निघाला. दर नाकारलेला नसून संपूर्ण प्रक्रियाच स्वीकृतीपूर्वी रद्द केलेली आहे, हा फरक पटवून देण्यात बरीच पत्रे खर्ची पडली, पण अखेर परिच्छेद वगळला गेला. नव्या निविदेत प्रत्यक्ष अहवालामागचा दर, हमीनंतरची देखभाल आणि बंद काळाचा दंड हे सर्व निकष आधीच जाहीर केले होते. निविदापूर्व बैठकीत पहिल्या वेळचाच न्यूनतम निविदाकार सर्वाधिक प्रश्न घेऊन आला आणि त्यातले दोन प्रश्न इतके रास्त होते की आम्हाला शुद्धिपत्रक काढावे लागले. काम अखेर त्यालाच मिळाले. यंत्राचा दर त्याने वाढवला होता आणि रसायनांचे दर मात्र पहिल्या खेपेच्या निम्म्याहून खाली आणले होते.