आइस हॉकीची टीम काढताना माझा अनुभव: बर्फ होता, कागद नव्हता

पुण्यात शाळेत असताना आठ वर्षं रोलर स्केटिंग केलं होतं. तेवढ्या भांडवलावर टेक्सासमध्ये एमएस करताना आमच्या युनिव्हर्सिटीच्या नव्या आइस हॉकी क्लबात शिरलो. पहिल्याच दिवशी थांबायला बुटाच्या पुढचं रबर टेकवायला गेलो. आइस हॉकीच्या स्केटला ते नसतंच. पाय आडवे करून पात्याने बर्फ खरवडत थांबायचं असतं. मी भिंतीवर आपटून थांबलो. पोरांनी त्याच संध्याकाळी मला खजिनदार केलं.

बर्फाळ मिनेसोटा-मिशिगनकडची, चालता येण्याआधी स्केटिंग शिकलेली पोरं भराभर जमली. वर्गणीही जमली. गोलकीपर तेवढा जपून ठेवा. त्याच्या एकट्याच्या पॅड-मास्कचा खर्च ऐकून मला घाम फुटला होता, म्हणून त्याची वर्गणी निम्मी केली. आमचा कॅप्टन मिटिंगमागून मिटिंग एकच सांगायचा, की वाळवंटातली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची टीम आधी क्लबच होती आणि 2015 मध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या मोठ्या संघटनेच्या, पहिल्या डिव्हिजनमध्ये गेली. आपण कुठे, ती कुठे! आम्हाला आधी एसीएचएत शिरायचं होतं. 1991 पासून चालणारी ही क्लब टीम्सची संघटना. इथे खेळायचं म्हणजे बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून खेळायचं.

आणि मग विमा.

रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, मॅनेजर म्हणाला, आमचं नाव घातलेलं विम्याचं सर्टिफिकेट आणा, मग करार, मग बर्फ. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात म्हणाले, सराव कुठे करणार त्याचा सही झालेला करार दाखवा, मग क्लबला मान्यता. मान्यता नसेल तर युनिव्हर्सिटीचा विमा नाही. बरं, मान्यता मिळाली तरी विद्यार्थ्याने युनिव्हर्सिटीच्या नावाने सही करायची नाही. मग सही कोण करणार? त्यासाठी वेगळा फॉर्म. त्या फॉर्मवर पहिलाच रकाना: मान्यता क्रमांक.

मी सात आठवडे या दोन टेबलांमध्ये फिरलो. टेक्सासचं ऊन डोक्यावर, आणि रिंकवर गेलं की जॅकेट. आपल्याकडच्या ऑफिसात निदान कुणी खेकसतं, म्हणजे आपल्यालाही भांडता येतं. इथे समोरच्या बाई हसून ऐकून घ्यायच्या, छापील पत्रक हातात द्यायच्या आणि ‘हॅव अ ग्रेट डे’ म्हणायच्या. तिसऱ्यांदा तेच पत्रक मिळालं तेव्हा मी त्यांना आधीची दोन बॅगेतून काढून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘ओह, यू आर सो ऑर्गनाइज्ड!’

गुंता सोडवला दुसऱ्या कॉलेजच्या टीमच्या मॅनेजरने, पार्किंगमध्ये उभ्या उभ्या. म्हणाला, युनिव्हर्सिटीचा विमा मागताच कशाला? टीम आणि प्रत्येक खेळाडू यूएसए हॉकीकडे, म्हणजे इथल्या आइस हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेकडे, रजिस्टर करा. त्या रजिस्ट्रेशनबरोबर विमा येतो आणि रिंकच्या नावाचं सर्टिफिकेटही तिथूनच मिळतं. ही एक ओळ त्या पत्रकात का नव्हती, हा प्रश्न मला अजून रात्री पडतो.

सर्टिफिकेट आलं आणि रिंकने परत पाठवलं. पाटीवर जे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ते नाव आम्ही दिलं होतं. रिंकची मालक कंपनी वेगळीच, शेवटी आपल्या ‘प्रा. लि.’सारखं ‘एलएलसी’ लावलेली. तेव्हा पाटी वाचू नका, कराराच्या कोऱ्या मसुद्यावर मालकाचं जे नाव असेल तेच, एलएलसीसकट, उतरवून घ्या. पुढे चार दिवसांत सगळं झालं: सर्टिफिकेट, करार, मान्यता. करारावर सही ऑफिसनेच केली, तीही अर्ध्या मिनिटात. मी घड्याळ बघत होतो.

वेळ मिळाली रात्री पावणेअकराची. आईला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, ‘दिवसा बर्फ वितळतो का रे?’ दिवसा लहान मुलांचे क्लास आणि फिगर स्केटिंगवाले असतात. नव्या टीमला उरलेलं मिळतं. आम्हाला तासाला 340 डॉलर पडायचे आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरवायला जायची. पैसे भरण्याआधी ‘तास म्हणजे किती मिनिटं’ हे विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं.

पहिल्या रात्री बावीसजण उतरले. दोनशे फूट लांब रिंक, त्यावर ताजा, ओला चकचकीत बर्फ, आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, भिंतीवर आदळल्याचा तो आवाज. मी बाकावर बसून हजेरी घेत होतो, प्रत्येकाच्या नावापुढे रजिस्ट्रेशन नंबर आहे ना ते तपासत. एकाचा नव्हता. त्याला बर्फावरून बाहेर काढलं. बिचारा तासभर माझ्याशेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

हो, एक राहिलं. हे रजिस्ट्रेशन 31 ऑगस्टला संपतं. दुसऱ्या वर्षी 1 सप्टेंबरला सकाळी रिंकच्या मॅनेजरचा मेल आला होता: नवीन सर्टिफिकेट कुठे आहे?