टाकी सायकल करताना पीएच ६ वर अडकला, तेव्हाचा माझा अनुभव

माशांची दोन फुटी टाकी, वाळू आणि दगड धरून पाणी जेमतेम ५० लिटर. मासे न सोडता, बाटलीतला अमोनिया घालून सायकल करायची, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत आधी वाढवायचे, हे ठरवलं होतं. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढतात, त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, एवढं वाचलेलं होतं. या सगळ्यात पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे याचा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी) काय करतो, हे मात्र मला करूनच कळलं.

पहिली चूक टाकी भरायच्या दिवशीच झाली. नळाचं पाणी लगेच मोजलं तर पीएच ७.० आला आणि मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी टाकीत तोच ७.६! नळाच्या ताज्या पाण्यात बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे आकडा खाली दिसतो. हवा लागली की वायू निघून जातो आणि खरा पीएच समोर येतो. म्हणून आता मी बादलीभर पाणी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवते आणि मगच मोजते.

पण तेव्हा ७.६ बघून मी घाबरले. मला टेट्रा हे छोटे मासे ठेवायचे होते आणि त्यांना थोडं आम्लधर्मी पाणी मानवतं हे डोक्यात पक्कं बसलं होतं. पीएच कमी करायचं द्रावण आणलं, थेंब मोजून घातले. संध्याकाळी ७.०, सकाळी पुन्हा ७.५. परत घातलं, परत वर. असं तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत मी टाकीतली सगळ्यात मोलाची गोष्ट संपवत होते, आणि ती मोजायचं किटही माझ्याकडे नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे केएच, पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण. आम्ल पाण्यात पडलं की आधी केएच ते झेलतो, म्हणून पीएच थोडा हलून जागेवर येतो. पण दर वेळी केएच थोडा खर्च होतो. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच मुळात ३ डिग्री, म्हणजे कमीच. हे मी नंतर मोजलं.

पाचव्या दिवशी ४ पीपीएम (दशलक्षात चार भाग) अमोनिया घातला. हीटर २७ अंशांवर, एअर स्टोन चालू. आठवडाभर काहीच नाही. तेराव्या दिवशी नायट्राइट तपासायच्या किटच्या नळीत पहिल्यांदा जांभळी छटा आली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. सतराव्या दिवशी अमोनिया शून्यावर. पुन्हा ३ पीपीएम घातला, तो थोडा उतरला आणि २ वर थांबला. एकविसावा दिवस २, बाविसावा २, तेविसावाही २. नायट्राइट गडद जांभळं, तेही हलेना. मला वाटलं जिवाणू मेले, सगळं धुऊन नव्याने सुरू करावं लागणार. धुतलं असतं तर तीन आठवडे खरोखरच वाया गेले असते.

मग पीएच मोजला. नळी पिवळीधमक, ६.०. माझ्या किटचा तो सगळ्यात खालचा रंग, म्हणजे खरा पीएच त्याहूनही खाली असू शकत होता. केएचचं किट आणलं. त्यात रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री. माझं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं झालं. केएच संपला होता.

झालं होतं ते असं. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. ४ पीपीएम अमोनिया पूर्ण पचायला साधारण सव्वा डिग्री केएच जातो. द्रावणाने आधीच घटवलेला केएच पहिल्या डोसातच जवळजवळ संपला आणि दुसऱ्या डोसात पीएच कोसळला. हे जिवाणू साडेसात-आठच्या आसपास जोमात असतात, साडेसहाच्या खाली सुस्तावतात आणि ६ च्या जवळ काम जवळपास थांबतं. पण थांबणं म्हणजे मरणं नव्हे. हे कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निम्मं पाणी बदललं, क्लोरीन काढणारं औषध घालूनच. मग खाण्याचा सोडा. ५० लिटरला एक डिग्री वाढवायला साधारण दीड ग्रॅम लागतो. मी ६ ग्रॅम मोजून मगभर पाण्यात विरघळवला आणि दोन दिवसांत निम्मा-निम्मा घातला. केएच ५ वर, पीएच ७.७. तिसऱ्या दिवशी अमोनिया १ वर आला, पाचव्या दिवशी शून्य.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. टाकीत मासे असतील तर अशी घाई करू नका. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो. साचलेला अमोनिया असताना पीएच एकदम वर नेला तर मासे तुमच्या डोळ्यांदेखत जातील. माझी टाकी रिकामी होती, म्हणून मला जमलं.

त्यानंतर पीएच कमी करायचं द्रावण मी हातात घेतलं नाही. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर प्रवाळाचा चुरा ठेवला. पाणी आम्लाकडे झुकलं की तो जास्त विरघळतो, नाहीतर बराचसा तसाच पडून राहतो. पाण्याचा कठीणपणा त्याने थोडा वाढतो. टाकीत जन्मलेल्या टेट्रांना साडेसातचा स्थिर पीएच रोज वरखाली होणाऱ्या ६.८ पेक्षा खूप बरा, असं माझं आता ठाम मत आहे.

नायट्राइटने मात्र अंत पाहिला. एक्केचाळिसाव्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातला आणि २४ तासांनी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य! नायट्रेटची नळी लालभडक, म्हणजे नायट्रेट भरपूर साचलं होतं. ८० टक्के पाणी बदललं, तापमान जुळवलं, केएच पुन्हा मोजला आणि मग सहा टेट्रा सोडले.

आज त्यांचा तिसरा आठवडा. केएच ४, पीएच ७.६. दर रविवारी पाणी बदलण्याआधी पहिली नळी केएचची भरते, पीएचची त्यानंतर.