सदतीस क्रमांकाची विहीर

आज दुपारी आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूटवरच्या सदतीस क्रमांकाच्या विहिरीपाशी पोहोचलो. सकाळपासून टायरमधली हवा कमी करून वाळूचे एकामागून एक उंचवटे चढत-उतरत होतो आणि तरीही दिवसभरात फारच थोडे अंतर कापले गेले. हॉल्स क्रीक ते विलुना हा सुमारे १८५० किलोमीटरचा मार्ग उत्तरेकडची गुरे दक्षिणेच्या बाजारात पायी नेण्यासाठी आखला गेला. १९०६-०७ मध्ये आल्फ्रेड कॅनिंगने पाहणी केली आणि १९१० पर्यंत जनावरांच्या एका दिवसाच्या चालीच्या बेताने विहिरी खोदल्या गेल्या.

हे पाणी कॅनिंगने शोधले असे म्हणणे मला पटत नाही. ते वाळवंटातल्या आदिवासींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि त्यांना पकडून, साखळदंडांनी बांधून त्याच्या तुकडीने ते दाखवायला लावले. १९०८ मध्ये त्याबद्दल चौकशी आयोग बसला, पण कॅनिंगला निर्दोष ठरवण्यात आले. याच विहिरीजवळ १९११ मध्ये थॉमसन आणि शूस्मिथ हे गुरे हाकणारे आणि त्यांचा आदिवासी सहकारी मारले गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या थडग्यांपाशी बराच वेळ उभी होते. साखळीने बांधलेल्या त्या माणसांची मात्र एकही खूण इथे दिसली नाही, आणि ते मला फार लागले. आता अंधार पडला आहे. पाण्याचे कॅन मोजून झाले आहेत आणि उद्या पहाटेच निघायचे आहे.