अकाउंटंटच्या फॉर्मवरचं 'आउटसाइड'

दरवर्षी मार्च आला की आमच्या अकाउंटंटकडून एक फॉर्म येतो. वर्षभरात जेवढी कॉन्ट्रॅक्ट्स केली तेवढ्या ओळी, प्रत्येक ओळीत क्लायंट, तारखा, आणि शेवटच्या रकान्यात आयआर ३५, इनसाइड की आउटसाइड. खाली सही. पहिल्या वर्षी मी तो ट्रेनमध्ये बसून दोन मिनिटांत भरला होता, आउटसाइड, पाठवला, संपला विषय. २०२४ च्या मार्चमध्ये मात्र मी त्याच रकान्यापाशी अडकलो. इथे लिहितोय कारण यूकेत आपली बरीच मंडळी आयएलआर, म्हणजे यूकेत कायम राहायची परवानगी, हातात पडलं की नोकरी सोडून स्वतःची लिमिटेड कंपनी काढतात आणि मग मला फोन येतात, "अरे तू फॉर्मवर काय टाकतोस ते सांग ना, मी पण तेच टाकतो." असं करू नका रे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपनी तुमची, पण काम मात्र एकाच क्लायंटकडे अगदी त्यांच्या नोकरासारखं करताय, तर मधली कंपनी बाजूला ठेवून तुमच्यावर पगारासारखाच टॅक्स लागला पाहिजे, हा आयआर ३५ चा नियम, २००० पासून आहे. तो लागू पडला तर काम 'इनसाइड', नाही तर 'आउटसाइड'. आधी हे ठरवायची जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरच्याच कंपनीवर असायची. मग २०१७ ला सरकारी खात्यांसाठी आणि ६ एप्रिल २०२१ पासून खाजगी मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ती क्लायंटवर गेली, ते तुम्हाला एसडीएस म्हणजे इनसाइड की आउटसाइड ते कारणांसकट सांगणारं पत्र देतात, पटलं नाही तर तुम्ही हरकत घ्यायची आणि त्यांनी ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हे बदल रद्द करतो म्हणून घोषणा झाली, ग्रुपवर पेढे वाटायचं चाललं होतं, आणि महिन्याभरात ती घोषणाच मागे घेतली.

पण क्लायंट छोटा असेल तर जबाबदारी अजूनही तुमचीच. आणि माझा क्लायंट छोटाच होता, तीसेक माणसांचं ऑफिस. म्हणजे त्या रकान्यात मी जे लिहीन तोच निर्णय, अकाउंटंट फक्त त्यावरून आकडे मांडणार.

काम सुरू झालं २०२२ च्या शेवटी, तेव्हा खरंच आउटसाइड होतं. त्यांचा बिलिंगचा डेटाबेस क्लाउडवर न्यायचा, कसा न्यायचा ते मी ठरवायचं, झालं की मोकळा. ते सहा महिन्यांत झालं. मग एक्स्टेन्शन मिळालं, आणि त्याच्यापुढे आणखी एक. रेट चांगला, माणसं चांगली, मी पण हो म्हणत गेलो. हळूहळू रोज सकाळी साडेनवाचा स्टँडअप म्हणजे टीमची छोटी मीटिंग, मग सपोर्टच्या ड्युटीच्या यादीत माझं नाव, मग मॅनेजर सांगेल ते काम उचलायचं. कॉन्ट्रॅक्टचा कागद तोच, त्यात सबस्टिट्यूशनचं कलम पण होतं, माझ्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येईल म्हणून. पण खरंच कोणाला पाठवलं असतं तर दारातून आत घेतलं नसतं, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं.

फॉर्म भरताना तारखा बघायला जुने मेल उघडले तर सप्टेंबर २०२३ चा एक सापडला. गणपतीला पुण्याला जायचं होतं, मी मॅनेजरला लिहिलं होतं की दहा दिवस रजा मिळेल का, आणि खाली त्याचं एका शब्दाचं उत्तर, 'अप्रूव्ह्ड'. तो मेल मी बराच वेळ बघत बसलो. धंदा करणारा माणूस रजा मागत नाही, तो कळवतो की या तारखांना मी नाहीये. मी मागितली होती आणि त्याने दिली होती.

आमच्या गल्लीत एक सांगलीचे दादा आहेत, पंधरा वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करतायत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कागदात काय लिहिलंय ते नंतर बघ, आधी तुझा सोमवार कसा जातो ते मला सांग." मी सांगितला. ते म्हणाले, "मग ही नोकरीच आहे की. अकाउंटंटला सगळं सांग, काही लपवू नकोस."

सांगितलं. अकाउंटंटने तीनच गोष्टी विचारल्या, काम कसं करायचं ते कोण ठरवतं, माणूस बदलता येतो का, आणि हातातलं काम संपलं तरी पुढचं काम ते द्यायला आणि तू घ्यायला बांधील आहात का. मग कॉन्ट्रॅक्ट आणि प्रत्यक्ष काम दोन्हीचा रिव्ह्यू करून घेतला आणि फॉर्मवरच्या त्या एका ओळीच्या दोन ओळी केल्या, पहिल्या प्रोजेक्टचा काळ आउटसाइड, पुढच्या एक्स्टेन्शन्सचा इनसाइड. इनसाइड काळाच्या फीमधून ५ टक्के सूट वजा, आधी घेतलेला पगार वजा, पेन्शन वगैरे वजा, उरलेलं सगळं पगार धरून त्यावर इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स म्हणजे पगारावरची सरकारी वर्गणी, नोकराची आणि एम्प्लॉयरची दोन्ही, एम्प्लॉयरचा दर तेव्हा १३.८ टक्के होता, आता १५ आहे. कंपनीच्या नफ्यातून आधीच काढलेल्या डिव्हिडंडवर दोनदा टॅक्स पडू नये म्हणून वेगळा क्लेम करावा लागतो तो पण त्यानेच केला. रक्कम मोठी होती, किचन नवीन करायचं ठरलेलं ते पुढे गेलं, बायको दोन दिवस गप्प होती आणि मग म्हणाली की बरं झालं आत्ताच कळलं.

कारण हे नंतर निघालं असतं तर? साध्या चुकीला टॅक्सवाले ४ वर्षं मागे जातात, निष्काळजीपणा दिसला तर ६, मुद्दाम केलं असेल तर २०. वर व्याज आणि पेनल्टी. आणि मागच्या वर्षीचा फॉर्म न वाचता कॉपी केला हे निष्काळजीपणा नाही असं मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? सही माझी होती.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, क्लायंट छोटा आहे की मोठा हे लेखी मागितलंयस का, विचारलं तर त्यांना ४५ दिवसांत सांगावंच लागतं. आणि एक्स्टेन्शन मिळालं की मार्चची वाट न बघता त्याच आठवड्यात अकाउंटंटला मेल टाक, काम बदललंय का ते लिहून. माझ्याकडे आता प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचं एक फोल्डर असतं, त्यात काम काय ठरलं, काय बदललं, कोणी सांगितलं, सगळे मेल.

ते कॉन्ट्रॅक्ट मी जूनमध्ये संपवलं. नवीन क्लायंटकडे पहिल्याच आठवड्यात मेल केला, सप्टेंबरच्या या दहा दिवसांत मी काम करणार नाहीये, प्लॅन त्याप्रमाणे करतोय. उत्तर आलं, ठीक आहे, कळवल्याबद्दल थँक्स.