शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग: वाट वाकडी करून बघावी अशी

शिकागोला जाणारे बहुतेक लोक विलिस टॉवरवर चढतात, बीन म्हणतात त्या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढतात आणि निघतात. तेही करा, पण लूपमध्येच, म्हणजे शहराच्या मध्यभागात, जॅक्सन आणि डिअरबॉर्न या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १६ मजल्यांची एक काळपट तपकिरी विटांची बिल्डिंग आहे, तिच्यासाठी निदान दीड तास काढाच. मी मुद्दाम तिच्यासाठी गेलो होतो आणि माझ्या मते अख्ख्या शहरात बघण्यासारखी तीच एक नंबर.

पोचणं एकदम सोपं. ओहेअर एअरपोर्टवरून ब्लू लाइन पकडली की थेट जॅक्सन स्टेशन, वर आलं की बिल्डिंग जवळच. रेड लाइनचंही जॅक्सन स्टेशन आहे, तिथून थोडं चालायचं. सोमवार ते शुक्रवारच जा, कारण हे म्युझियम नाही, चालू ऑफिस बिल्डिंग आहे, आतला पॅसेज बघायचा तर कामाच्या वेळेतच जाणं बरं.

आधी आत शिरू नका. जॅक्सनच्या बाजूने उत्तरेकडच्या अर्ध्या भागासमोर उभे राहा. हा भाग आर्किटेक्ट जॉन रूटने डिझाइन केलेला, १८९१ मध्ये पूर्ण झाला, आणि ते बघायला रूट नव्हता, त्याच वर्षी जानेवारीत तो गेला, वय फक्त ४१. भिंती तळाशी ६ फूट जाड आहेत, सहा फूट! कारण आत लोखंड असलं तरी बाहेरच्या विटांच्या भिंती खरोखर वजन पेलतात, म्हणून वर जाताना त्या पातळ होत जातात. खालच्या खिडक्या किती खोल बसल्यात ते बघा, म्हणजे जाडी डोळ्यांना कळते. नक्षी जवळजवळ शून्य. मालक ब्रूक्स बंधू बोस्टनचे, हिशेबी माणसं, त्यांना बाहेर आलेली नक्षी नकोच होती कारण तिच्यावर धूळ बसते आणि पक्षी बसतात. मग रूटने भिंतीलाच आकार दिला, खाली बाहेर झुकणारी, वर छताशी परत बाहेर वळणारी, कोपऱ्यांना गोलाई, आणि त्यासाठी खास साच्यातल्या विटा बनवून घेतल्या. जवळ जाऊन त्या कोपऱ्यांवरच्या विटा नीट बघा, मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो.

आता डिअरबॉर्नवरून दक्षिणेकडे चालत जा. मध्येच बिल्डिंग बदलते. दक्षिणेचा अर्धा भाग होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या आर्किटेक्टांचा, १८९३ चा, आणि आत स्टीलचा सांगाडा. वीट आणि टेराकोटा (भाजलेली माती) इथे नुसतं वरचं आवरण, त्यामुळे खाली दुकानांच्या काचा मोठ्या झाल्या आणि भिंतीत अडकलेली भाड्याची जागा मोकळी झाली. दोन वर्षांत बांधकामाची अख्खी पद्धत बदलली आणि तो बदल एकाच बिल्डिंगमध्ये, चार पावलांच्या अंतरावर दिसतो, असं दुसरं ठिकाण मी तरी पाहिलेलं नाही. हेरिटेज व्हॅल्यू म्हणतात ती मला इथे कळली, "सगळ्यात उंच विटांची बिल्डिंग" वगैरे किताबांपेक्षा हे फार मोठं आहे.

मग जॅक्सनच्या दारातून आत. आत जाताना रस्त्यापेक्षा खाली उतरावं लागतं, ते लक्षात ठेवा. शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची, पाया तिच्यावर काँक्रीट आणि स्टीलचा तराफा टाकून केला, बिल्डिंग ८ इंच खचेल असा अंदाज होता आणि ती पुढच्या काही दशकांत साधारण २० इंच खचली. तरी उभी आहे ठणठणीत. आत एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत जाणारा अरुंद पॅसेज, दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, त्यांची दारं पॅसेजमध्येही आणि रस्त्यावरही. खाली मोझेक, आणि जिन्यावर ॲल्युमिनियमचं काम, बांधकामात हा धातू वापरायच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं.

हे सगळं मधल्या काळात बरंच झाकलं, बदललं गेलं होतं. १९७० मध्ये नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत, नाव आलं, १९७३ मध्ये शहराने लँडमार्क ठरवलं, पण खरं काम १९७९ पासून सुरू झालं, पैसे येतील तसं, तुकड्यातुकड्याने, उरलेले मूळ नमुने बघून नवीन घडवत. भाडेकरू न हलवता जुनी बिल्डिंग वाचवायची असेल तर हाच रस्ता असं माझं ठाम मत आहे. सगळं रिकामं करून लक्झरी हॉटेल केलं असतं तर विटा राहिल्या असत्या, पण छोट्या दुकानांचा तो पॅसेज गेला असता.

एक विनंती, वरच्या मजल्यांवर लोक काम करतात, तिथे उगाच फिरू नका. पॅसेजमधल्या दुकानात मात्र काहीतरी घ्या, त्यांच्या भाड्यावरही ही बिल्डिंग चालते.

फोटोसाठी डिअरबॉर्नची बाजू सकाळी बरी, आणि मोबाइलची वाइड लेन्स लागेलच. जॅक्सनच्या पलीकडे आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहेची काळी स्टील-काचेची फेडरल बिल्डिंग आहे, दोन्ही एका फ्रेममध्ये येतात का बघा. वेळ उरला तर डिअरबॉर्नवरच ओल्ड कॉलनी आणि फिशर या बिल्डिंगी, आणि लासाल रस्त्यावर रूकरी, तीही रूट आणि त्याचा भागीदार बर्नहॅम यांचीच, १८८८ ची. तिची लॉबी आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने १९०५ मध्ये नव्याने केली. रूकरी मोनॅडनॉकच्या आधी बघितलीत तर जास्त चांगलं, म्हणजे तिथल्या एवढ्या नक्षीनंतर तीन वर्षांत रूट कुठे पोचला ते नीट दिसतं.