जोगेश्वरी-भांडुपची १९५०ची हद्द: कामाची नोंद

मुंबई महापालिकेच्या जुन्या हद्दी मी नकाशावर काढतो आहे. त्यातली माहीम-सायनची, म्हणजे १९५०पर्यंतची रेषा पूर्ण उतरवून झाली. आता तिच्या पुढची, १९५०ची रेषा हातात घेतली आहे.

पहिली रेषा सापडायला सोपी, कारण ती महापालिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. माहीमची खाडी आणि मिठी नदी यांच्या अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, म्हणजे आजच्या उपनगरांचं बेट. १७३९मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४मध्ये ती इंग्रजांकडे गेली. तोवर सायनचा किल्ला आणि धारावीचा काळा किल्ला हे अक्षरशः सरहद्दीवरचे पहारे होते. पुढे माहीमचा कॉजवे झाला, रेल्वे आली, तरी महापालिका १९५०पर्यंत याच पाण्यापाशी थांबत होती. आणि अजूनही रिक्षा वांद्रे-सायनच्या खाली उतरत नाही. शहराला एक जिल्हाधिकारी, उपनगराला दुसरा. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं) शहरात १.३३, उपनगरात १. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) शहरात सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर आणि विभागाचं नाव येतं, तर खाडी ओलांडली की सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबर आणि गावाचं नाव. मला हा शेवटचा पुरावा सगळ्यांत भरवशाचा वाटतो. पाटी बदलते, रस्त्याचं नाव बदलतं. गावाचं नाव मात्र मिळकत पत्रिकेवर टिकून राहतं.

१९५०मध्ये वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर असा सगळा पट्टा मुंबईत आला आणि हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत, पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १९५७मध्ये ती आणखी पुढे, दहिसर आणि मुलुंडला गेली. म्हणजे मधली रेषा जेमतेम सात वर्षं जगली. तिच्यावर ना किल्ला, ना खाडी. कायद्याच्या भाषेत तेवढी ती उरली आहे: वांद्र्यापासून पुढे ‘उपनगरे’ आणि त्यांच्याही पुढे ‘विस्तारित उपनगरे’. विकास नियमावलीत हे दोन शब्द शेजारीशेजारी येतात, आणि बहुतेक जण त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. सात वर्षांच्या एका हद्दीची ती खूण आहे.

म्हणून या वेळी मी महसुली गावांच्या शिवेवरून जातो आहे. पश्चिमेचा भाग बराचसा जुळला. ओशिवरा, मजास, बांदिवली ही गावं अंधेरी तालुक्यात. पहाडी गोरेगावपासून बोरिवली तालुका सुरू. महापालिकेचा के वॉर्ड संपून पी वॉर्ड लागतो तोही इथेच, ओशिवरा नदीच्या आसपास. तालुका, वॉर्ड आणि १९५०ची हद्द अशा तिन्ही रेषा एका पट्ट्यात येतात, तेव्हा आपण योग्य जागी आहोत अशी खात्री पटते. नदी आता बऱ्याच ठिकाणी भिंतींमध्ये बंदिस्त आहे, त्यामुळे जुना प्रवाह जुन्या मोजणी नकाशावरूनच घ्यावा. उपग्रहचित्रावर विसंबू नये.

पूर्वेला ही युक्ती चालत नाही, कारण भांडुप आणि मुलुंड दोन्ही कुर्ला तालुक्यातच येतात. तिथे या दोघांच्या मधल्या नाहूर गावाची शीव एकेक सर्व्हे नंबर घेऊन काढायची आहे. पावसाळ्याआधी रेल्वेच्या पूर्वेचा, मिठागरांकडचा भाग उरकायचा विचार आहे.

गोरेगाव, मालाड, कांदिवली किंवा मुलुंडच्या जुन्या घरांत १९५७च्या आधीच्या घरपट्टीच्या पावत्या कुणाकडे असतील, तर त्यावर कर घेणाऱ्या संस्थेचं नाव काय छापलंय तेवढं जरूर कळवा. नाव-पत्ता झाकून काढलेला फोटोही चालेल.